अलास्काच्या जहाजावर केबिन कोणती घ्यावी?

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे वय 64 आणि यजमानांचे 69. मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात सिएटलला असतात. येत्या जूनमध्ये हे दोघे तिकडे जाणार आहेत आणि मुलाने सगळ्यांसाठी सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या सात रात्रींच्या अलास्का क्रूझचा बेत आखला आहे. आईवडिलांना बाल्कनीची केबिन आणि स्वतःच्या तिघांना आतली, बिनखिडकीची केबिन, असे त्याच्या मनात आहे. यजमान म्हणतात, केबिनमध्ये फक्त झोपायचे असते, मग खिडकीचे पैसे कशाला. आपणही आतलीच घेऊ. यजमानांचे गुडघे दुखतात आणि त्यांना पहाटे साडेचारला उठण्याची सवय आहे. एका मैत्रिणीने सांगितले, की जेवढी वरची आणि जेवढी पुढची केबिन, तेवढी चांगली. वाचक भगिनींना कसारा घाटात गाडी लागते, त्यामुळे बोट लागेल याची धास्ती आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, "मला खरे तर समुद्राकडे बघत बसायला आवडेल, पण तेवढ्यासाठी मुलाला खर्चात पाडणे बरे दिसत नाही." कोणती केबिन घ्यावी, हा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार.

तुमच्या पत्रात यजमानांचे मत आहे, मुलाचा बेत आहे, मैत्रिणीचा सल्ला आहे, आणि तुमची स्वतःची इच्छा अगदी शेवटी, एका वाक्यात, तीही "पण" लावून आली आहे. मी त्याच वाक्यापासून सुरुवात करते, कारण केबिन निवडताना पहिला प्रश्न पैशांचा किंवा मजल्याचा नसतो. त्या आठवड्यातले जागेपणीचे तास तुम्ही कसे घालवणार आहात, हा असतो. ज्यांना दिवसभर जहाजावरचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव, गाणीनाच आणि खरेदी यांत रमायचे असते, त्यांना खिडकी असली काय आणि नसली काय, फारसे बिघडत नाही. तुम्हाला समुद्राकडे बघत बसायचे आहे, आणि अलास्काच्या सफरीत बघत बसणे हेच मुख्य काम असते. तेव्हा "तेवढ्यासाठी" हा शब्द तुम्ही आधी मागे घ्यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता यजमानांचे म्हणणे पाहू. केबिनमध्ये फक्त झोपायचे असते, हे दोन रात्रींच्या मुंबई-गोवा सफरीबद्दल बरेचसे खरे आहे. सात रात्रींच्या अलास्का सफरीत तसे नसते. सिएटल सोडल्यावर अलास्काचे पहिले बंदर येईपर्यंत जहाज निदान एक अख्खा दिवस समुद्रातच असते, परतीच्या वाटेवरही असेच लांबचे पल्ले असतात, आणि मधल्या एका दिवसाचा मोठा भाग हिमनदीच्या वाटेवर आणि तिच्यासमोर जातो. शिवाय जूनमध्ये अलास्काची राजधानी जुनोच्या आसपास सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे यजमान साडेचारला उठतील तेव्हा बाहेर चांगले उजाडलेले असेल, आणि आतल्या केबिनमध्ये मात्र मिट्ट काळोख असेल. दिवा लावला तर तुमची झोप मोडणार, नाही लावला तर त्यांना चाचपडत कपडे शोधून बाहेर पडावे लागणार. या केबिन साधारणपणे 150 ते 185 चौरस फुटांच्या असतात. पलंग मांडल्यावर दोन माणसांना एकमेकांना वाट देण्याइतकीच जागा उरते. अशा खोलीत दोघांच्या उठण्याझोपण्याच्या वेळा वेगळ्या असल्या, तर बाल्कनीचा उपयोग दुसऱ्या खोलीसारखा होतो. दार हलकेच ओढून घ्यावे, शाल गुंडाळावी आणि खुर्चीत बसावे. बाल्कनीचा पहिला लाभ तुमच्याआधी त्यांनाच होईल, असे मला वाटते. तुम्ही त्यांच्याशी या अंगाने बोललात तर कदाचित त्यांचा विरोध पुष्कळ मावळेल.

आतल्या केबिनची बाजूही न्यायाने सांगायला हवी. तिचे भाडे सर्वांत कमी असते. ज्यांना उजेडात झोप लागत नाही, त्यांना अलास्कातल्या लांबलचक उन्हाळी दिवसांत तो काळोख आवडतो, आणि बहुतेक जहाजांवर टीव्हीच्या एका वाहिनीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचे थेट दृश्य चालू असते, ते आवाज बंद करून लावून ठेवले की बाहेर दिवस आहे की रात्र एवढे तरी कळते. तरुण मंडळी, जी दिवसभर बाहेरच असतात, त्यांनी आतली केबिन घेतली तर त्यात काहीच चूक नाही. तुमच्या मुलाने स्वतःसाठी ती निवडली आहे, ती बहुधा याच विचाराने.

हिमनदीच्या दिवसाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बाल्कनीचा खरा कस तिथे लागतो. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात एका दिवशी जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. सकाळी उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगत राहतात. उपसागराच्या टोकाशी मार्जरी नावाची हिमनदी आहे; तिची पाण्याबाहेर उभी असलेली बर्फाची भिंत सुमारे 250 फूट उंच आणि सुमारे एक मैल रुंद आहे. जहाज तिच्यासमोर थांबते आणि जागच्या जागी सावकाश वळते, म्हणून डावी आणि उजवी अशा दोन्ही बाजूंच्या केबिनना ती दिसते. पाण्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे वितळू लागले, की त्यांत फार जुन्या काळापासून कोंडलेली हवा बाहेर पडते आणि जहाजाभोवती बारीक, अखंड तडतड ऐकू येते. मधूनच भिंतीचा एखादा कडा सुटतो. तो कोसळताना आधी दिसतो आणि त्याचा गडगडाट काही क्षणांनी पोचतो. बंद काचेमागे बसले तर तडतड ऐकू येतच नाही आणि गडगडाटही निम्मा राहतो.

मात्र यातली एक गोष्ट बाल्कनी विकणारे सहसा सांगत नाहीत, ती अशी, की हिमनदीचे सर्वांत चांगले दृश्य बाल्कनीतून दिसत नाही. ते वरच्या उघड्या डेकवरून चहू बाजूंनी दिसते, आणि तो डेक आतल्या केबिनमधल्या प्रवाशालाही तितकाच खुला असतो. ज्याला तीनचार तास थंड वाऱ्यात, गर्दीत, कठड्याला टेकून उभे राहता येते त्याला बाल्कनी नसली तरी काहीही मुकावे लागत नाही. यजमानांच्या गुडघ्यांना हे झेपेल का, याचे उत्तर तुमच्यापाशीच आहे. मला वाटते, अर्धा तास वर जाऊन यावे आणि उरलेला वेळ गरम कपड्यांत, आपल्या खुर्चीवर बसून, बाथरूम चार पावलांवर असताना पाहावे, हे तुमच्या वयाला जास्त मानवेल. तुमची सफर ग्लेशियर बेला जाते का, हेही मुलाला आधी विचारून घ्या. सिएटलहून निघणारी सगळी जहाजे तिथे जात नाहीत. काही हबर्ड हिमनदीकडे जातात, तर काही एंडिकॉट आर्म नावाच्या अरुंद खाडीत. ती ठिकाणेही सुंदर आहेत, पण आपण कशासाठी पैसे भरतो आहोत हे माहीत असावे.

डाव्या आणि उजव्या बाजूचा वाद तुमच्यासाठी गौण आहे, कारण जाताना एका बाजूला राहिलेला किनारा येताना दुसऱ्या बाजूला येतो. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून अलास्कातल्या सीवर्ड किंवा व्हिटियर बंदरापर्यंत एकाच दिशेने जाणाऱ्या वाचकांनी मात्र उत्तरेकडे जाताना उजवी आणि दक्षिणेकडे येताना डावी बाजू मागावी, कारण मुख्य किनारा बराच वेळ त्या अंगाला राहतो.

मैत्रिणीचा सल्ला मात्र तुमच्या बाबतीत मला साफ अमान्य आहे. लाटांवर जहाजाचे पुढचे टोक वर उचलले जाऊन खाली येते आणि मागचे टोक त्याच्या उलट जाते. शिवाय जहाज डाव्याउजव्या कुशींवर डोलते. पहिली हालचाल दोन्ही टोकांना सर्वांत जास्त आणि मध्यावर सर्वांत कमी असते. दुसरी हालचाल जितके वर जावे तितकी जास्त जाणवते. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्याला प्रत्येक खड्डा कळतो आणि मधल्या बाकावरचा माणूस डुलकी काढत असतो, तोच प्रकार इथे आहे. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी स्टॅबिलायझरची पाती असतात. ती कुशींवरचे डोलणे खूपच कमी करतात, पण टोकांची वरखाली उसळी त्यांना फारशी आवरत नाही. म्हणून ज्यांना बोट लागण्याची भीती आहे त्यांनी वरची आणि पुढची केबिन टाळावी; आधी मध्य पाहावा, आणि मग मध्यावर मिळेल तेवढी खालची.

घाटात गाडी लागते म्हणून बोट लागेलच, हे गृहीतकही मला तपासून पाहावेसे वाटते. दोन्हींचे मूळ एकच आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतो आहोत आणि डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, या विसंगतीने मळमळते. पण कसारा घाटात एकामागून एक वळणे असतात, ब्रेक असतो, इंधनाचा वास असतो, आणि मोठ्या जहाजाची हालचाल यापेक्षा पुष्कळ संथ असते. घाटात हैराण होणाऱ्या कितीतरी जणांना जहाजावर काहीही होत नाही. कोणाला होईल हे आधीपासून छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणून तयारी ठेवायची इतकेच. तुमच्या मार्गावर खुल्या पॅसिफिकचा भाग मुख्यतः व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेला आहे, म्हणजे सिएटल सोडल्यानंतरचा पहिला दिवस आणि परतीचा तसाच टप्पा. अलास्काच्या बेटांमध्ये शिरल्यावर पाणी बहुतेक वेळ शांत असते. व्हँकुव्हर शहरातून निघणारी जहाजे बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या आडोशाच्या जलमार्गाने जातात, त्यामुळे भीती फारच असेल तर मुलाला तो पर्याय पाहायला सांगा. सिएटलहून व्हँकुव्हर मोटारीने साधारण तीन तासांवर आहे. कॅनडाचा व्हिसा तुम्हाला दोन्ही मार्गांना लागेल. अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजांना सिएटल ते सिएटल अशा फेरीतही परदेशी बंदरावर थांबावे लागते, आणि ते बंदर बहुधा कॅनडातले व्हिक्टोरिया असते. हे काम केबिनच्या आधी हाती घ्या, कारण त्याला वेळ लागतो.

गोळीबद्दल एवढेच, की घाटासाठी तुम्ही जी घेत असाल ती चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, यजमानांसाठीही. या गोळ्यांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्यांतल्या काही चालत नाहीत. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी लागू पडत नाही, ती आधी घ्यावी लागते. आलेपाक जवळ असावा. आणि मळमळू लागल्यास मोकळ्या हवेत बसून क्षितिजाकडे पाहावे, म्हणजे डोळ्यांना आणि कानांना एकच गोष्ट कळते. इथेही बिनखिडकीची केबिन तुमच्या विरुद्ध जाते. तिच्यात डोळे मिटून पडून राहण्याखेरीज उपाय नसतो.

या सगळ्यावरून तुमच्यापुढे दोन केबिन उरतात. एक, जहाजाच्या मध्यावरची, बाल्कन्या ज्या मजल्यापासून सुरू होतात त्या सर्वांत खालच्या मजल्यावरची बाल्कनीची केबिन. दुसरी, मध्यावरचीच पण त्याहूनही खालच्या डेकवरची, मोठ्या बंद खिडकीची केबिन, जिला ओशन व्ह्यू म्हणतात. हालचालीच्या दृष्टीने दुसरी सर्वांत सुरक्षित आहे आणि तिचे भाडे आतल्या आणि बाल्कनीच्या केबिनच्या मधले असते. तिच्यात उजेड येतो आणि क्षितिज दिसते, फक्त खिडकी उघडत नाही. माझा कौल पहिलीला आहे, कारण तुम्ही स्वतःच सांगितलेली इच्छा आणि यजमानांची पहाट या दोन्ही गोष्टी तिथे जमतात. पण बाल्कनीची केबिन जर जहाजाच्या टोकालाच मिळत असेल आणि खिडकीची मध्यावर, तर खिडकीची घ्या. खिडकी आणि बाल्कनी या दोन्हींच्या बाबतीत एक दक्षता घ्यायची. मधल्या मजल्यांवर जीवरक्षक बोटी टांगलेल्या असतात आणि काही केबिनच्या समोर त्यांचीच पाठ येते. अशा केबिनच्या वर्णनात दृश्य अडलेले असल्याची नोंद असते आणि भाडेही थोडे कमी असते, म्हणून स्वस्त दिसली की आधी ती नोंद वाचावी.

आता पैशांकडे येते. बाल्कनी म्हणजे चैन, ही समजूत एका काळी खरी होती. तेव्हा ती मोजक्या महागड्या खोल्यांनाच असे. 1984 मध्ये रॉयल प्रिन्सेस हे जहाज आले, त्याच्या सगळ्या केबिन बाहेरच्या बाजूला होत्या आणि बऱ्याच केबिनना बाल्कनी होती. पुढच्या काळात बाल्कनी सर्रास होत गेली आणि आज नव्या मोठ्या जहाजांवर अनेकदा निम्म्याहून अधिक केबिनना ती असते. तरीही अलास्काच्या हंगामात बाल्कनीचे भाडे आतल्या केबिनच्या दीडपट किंवा त्याहून जास्त असू शकते, आणि ते माणशी असते, त्यामुळे तुमचा संकोच मी समजू शकते. मात्र हा खर्च मुलाला जड जाईल की नाही, हे तुम्ही दोघांनी नाशिकला बसून ठरवले आहे. त्याला विचारलेले दिसत नाही. त्याने आपण होऊन बाल्कनी सुचवली, याचा अर्थ त्याने हिशेब केलेला असणार. त्याला सरळ विचारा, की आतल्या, खिडकीच्या आणि बाल्कनीच्या केबिनमध्ये आमच्या दोघांसाठी नेमका किती फरक पडतो. आकडा समोर आला की संकोच करण्याची गरज आहे की नाही ते कळेल. फरक तुमच्या पेन्शनमधून देणे शक्य असेल आणि त्याने बरे वाटणार असेल, तर तसे म्हणून पाहा. केबिनचे पैसे घ्यायला त्याला आवडणार नाही, असे वाटले तर जुनोला देवमासे पाहायला नेणाऱ्या छोट्या बोटीची सगळ्यांची तिकिटे तुम्ही काढा. ते नातीलाही आवडेल.

मुलाच्या बेताकडे मी आणखी एका नजरेने पाहते. तुमची बाल्कनीची आणि त्यांची आतली केबिन एकाच गल्लीत समोरासमोर घेता येतात, आणि अनेक कुटुंबे असेच करतात. मग बाल्कनी एकट्या तुमची राहत नाही. दुपारी सून पुस्तक घेऊन येऊन बसेल, हिमनदीच्या दिवशी पाचही जण तिथे दाटीवाटीने मावतील आणि नातीला झोपवायची वेळ झाली की काळोखी केबिन तिच्या कामाला येईल. मुलाने तुम्हाला दिलेली चैन सगळ्यांमध्ये वाटली जाते. फक्त दोन गोष्टी आधी बोलून ठेवा. नात रात्री कोणाकडे झोपणार, आणि तिला सांभाळण्याची पाळी कोणत्या संध्याकाळी तुमच्याकडे असणार, हे स्पष्ट असले म्हणजे कोणाच्याही मनात अढी राहत नाही. आणि ती तुमच्याकडे असताना बाल्कनीचे दार वरच्या कडीने बंद ठेवायचे, खुर्ची कठड्याला लावून ठेवायची नाही आणि तिला तिथे क्षणभरही एकटे सोडायचे नाही, हा नियम सगळ्यांनी पाळायचा.

यानंतरचे काम कागदावरचे आहे, आणि माझ्या मते सगळ्या निवडीत तेच सर्वांत जास्त उपयोगाचे आहे, तरी बहुतेक लोक ते करत नाहीत. प्रत्येक जहाजाचे मजल्यांचे नकाशे कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. मुलाला तुमच्या केबिनचा क्रमांक ठरवण्याआधी ते पाठवायला सांगा आणि मोठे करून पाहा. केबिन सापडली की तिच्या बरोबर वरचा आणि बरोबर खालचा मजला शोधा. वरही केबिन आणि खालीही केबिन असतील तर ती जागा बहुधा शांत असते. वर तलावाचा डेक असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज छतातून येतो. वर जेवणघर किंवा मुदपाकखाना असेल तर गाड्यांची खडखड येते. खाली नाट्यगृह किंवा नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठोके जमिनीतून जाणवतात. नकाशावर कोरी, पांढरी दिसणारी जागा रिकामी नसते. तिथे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या खोल्या किंवा यंत्रसामग्री असते. जहाजाच्या अगदी पुढच्या खालच्या केबिनमध्ये बंदराला लागताना बाजूला ढकलणाऱ्या पंख्यांची घरघर आणि नांगराच्या साखळीचा आवाज भल्या सकाळी झोपेतून उठवतो, आणि अगदी मागे प्रोपेलरची थरथर जाणवू शकते. दोन केबिनना जोडणारे आतले दार असेल तर शेजारच्यांचे बोलणे ऐकू येते, तेव्हा ते कुटुंबातच नसेल तर अशी केबिन टाळावी. लिफ्ट जवळ असावी पण दाराला लागून नसावी. चारपाच दारे सोडून असलेली बरी, म्हणजे यजमानांचे चालणे वाचेल आणि लिफ्टपाशी जमणाऱ्यांच्या गप्पा ऐकाव्या लागणार नाहीत. या जहाजांची लांबी तीनशे मीटरच्या आसपास असते. टोकाच्या केबिनमधून दुसऱ्या टोकाच्या जेवणघरापर्यंत दिवसातून चारपाच खेपा म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांना चांगलीच चाल होते. मध्यावरची केबिन या कारणानेही तुमच्या कामाची आहे.

गुडघ्यांसाठी बाथरूमकडेही लक्ष द्या. साध्या केबिनमध्ये बाथरूमच्या दाराशी आणि बाल्कनीच्या दाराशी उंच उंबरा असतो, तो ओलांडताना पाय अडखळतो, विशेषतः रात्री आणि जहाज हलत असताना. काही केबिनमध्ये टब असतो, त्यात पाय उचलून जाणे त्यांना अवघड जाईल; फक्त शॉवर असलेली केबिन मागा आणि शॉवरमध्ये बसायला स्टूल व कमोडची उंच बैठक मिळेल का, हे आधीच कळवून ठेवा. बहुतेक कंपन्या ते विनामूल्य देतात. व्हीलचेअर किंवा वॉकर वापरणाऱ्यांसाठी रुंद दारांच्या, बिनउंबऱ्याच्या केबिन राखून ठेवलेल्या असतात. यजमान जर आधाराशिवाय चालत असतील तर त्या मागू नका, कारण त्या थोड्याच असतात आणि ज्यांना त्यांच्याविना प्रवासच करता येत नाही त्यांच्यासाठी असतात. दोन वेगळे पलंग हवे असतील तर तेही आधी सांगावे. जोडलेला मोठा पलंग सहसा दोन पलंगांचाच असतो.

चहाची आठवण करून देते. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर केबिनमध्ये बहुधा किटली नसते आणि आपली नेऊ देत नाहीत. आगीच्या भीतीने इस्त्री आणि इंडक्शनही चालत नाहीत. निरांजन आणि उदबत्तीसुद्धा नाही, हे रोज पूजा करणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. बुफेत गरम पाणी मिळते, तेव्हा आपल्या चहाच्या पिशव्या आणि झाकणाचा एक चांगला कप बरोबर घ्या.

याच प्रश्नाने अडलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी सांगते. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी अलास्काचे गणित जसेच्या तसे लावू नये. कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचे एम्प्रेस हे 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले जहाज आहे. त्या पिढीतल्या जहाजांवर बाल्कनीच्या केबिन मोजक्याच आणि महाग असतात, आणि दोन रात्रींसाठी मध्यावरची खिडकीची किंवा आतलीही केबिन पुरेशी होते. लक्षद्वीपपर्यंत जायचे असेल तर समुद्रातला वेळ वाढतो, तेव्हा खिडकीचा विचार करावा. एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रीपुरुषांना बहुतेक जहाजांवर दोघांच्या केबिनचे जवळजवळ पूर्ण भाडे भरावे लागते; काही जहाजांवर एकट्यासाठीच्या छोट्या केबिन असतात, त्या लवकर संपतात, म्हणून त्यांनी प्रकारापेक्षा तारखेची घाई करावी.

गॅरंटी नावाची एक स्वस्त योजना तुमच्या मुलाला दिसेल. तिच्यात केबिनचा प्रकार तुम्ही निवडता आणि जागा कंपनी निवडते. ज्यांना कुठेही झोप लागते त्यांनी ती जरूर घ्यावी. तुम्हाला मध्य हवा आहे, लिफ्ट हवी आहे आणि मुलाची केबिन समोर हवी आहे, म्हणून ती तुमच्यासाठी नाही. तसेच आरक्षण करताना आपोआप वरच्या श्रेणीत हलवू नये, अशी नोंद करून घ्यायला त्याला सांगा, नाहीतर ऐनवेळी जास्त भाड्याची पण वरची आणि पुढची केबिन भेट म्हणून पदरी पडू शकते. पूर्ण रक्कम भरण्याची मुदत साधारणपणे निघण्याच्या तीनेक महिने आधी असते आणि तोवर केबिन बदलणे सहसा सोपे असते, त्यामुळे जूनच्या सफरीसाठी हे बोलणे फेब्रुवारीपर्यंत उरकून घ्या. मुलाशी बोलताना पहिले वाक्य तुमच्या इच्छेचे असू द्या, यजमानांचे गुडघे, भाड्यातला फरक आणि बाकीचे सारे त्यानंतर येऊ द्या. त्याने केबिनचा क्रमांक कळवला, की तो मजल्याच्या नकाशावर तुम्ही दोघांनी स्वतः शोधा, वरखाली काय आहे ते पाहा आणि मगच होकार कळवा.